अलका सबनीसची चौकट

अलका सबनीसला मी पंचवीस-एक वर्षं ओळखते आणि एवढ्या वर्षांत तिनं कुणाला माफ केल्याचं मला आठवत नाही. बर्मिंगहॅमच्या मंडळात एका बाईंनी एकदा तिच्या साबुदाणा वड्यांना ‘जरा तेलकट’ म्हटलं होतं. त्या बाई पुढं कॅनडाला गेल्या, आजी झाल्या. त्यांचं नाव निघालं की अलका अजूनही म्हणते, तेलकट म्हणाली होती ना ती? मला तिचा हा स्वभाव आवडतो. मन मोठं कर, विसरून जा, असं सांगत फिरणाऱ्या माणसांचं बहुतेक वेळा स्वतःचं काही गेलेलं नसतं.

मी लीला. लेस्टरला बेलग्रेव्ह रोडवर औषधांच्या दुकानात फार्मसिस्ट आहे. अलका बर्मिंगहॅमच्या एका हॉस्पिटलच्या लॅबमध्ये रक्त तपासते. आम्ही दोघी लग्न होऊन एकाच वर्षी या देशात आलो, पहिला हिवाळा एकमेकींना फोन करून रडत काढला, आणि तेव्हापासूनची ही मैत्री. तिचा नवरा श्रीनिवास स्ट्रक्चरल इंजिनिअर होता. म्हणजे इंजिनिअर तो अजून आहे, नवरा नाही.

श्रॉपशायरमध्ये, वेल्सच्या हद्दीजवळ, एका टेकडीच्या उतारावर त्या दोघांनी जमिनीचा तुकडा घेतला होता. निवृत्त झाल्यावर तिथं ओंडक्यांचं घर बांधायचं, असा बेत. परवानगी मिळाली. एस्टोनियाहून एका लांबलचक लॉरीतून ओंडके आले, कोपऱ्यांच्या खाचा कापलेले, प्रत्येकाच्या टोकाला नंबर ठोकलेला. खिडक्याही त्यांच्याबरोबर आल्या. सगळं ताडपत्रीखाली रचून ठेवलं आणि त्याच वर्षी श्रीनिवासला आपल्या ऑफिसातली मायरा आवडायला लागली. मायरा लोकांच्या घरांचे पडदे, रंग आणि दिवे ठरवते. आता तिनं श्रीनिवासचंही ठरवलं.

घटस्फोटाच्या वाटणीच्या बैठकीला मी अलकाबरोबर गेले होते. सोलिहलचं राहतं घर श्रीनिवासकडं गेलं, अलकाला एक फ्लॅट मिळाला. राहिली टेकडीवरची जमीन. ती त्याला आणि मायराला हवी होती, शनिवार-रविवारच्या घरासाठी. अलका म्हणाली की ती माझी आहे, मी तिथं घर बांधणार. त्यावर हा माणूस वकिलांसमोर मोठ्यानं हसला.

"अलका, बी सीरियस. भिंतीवर फोटो सरळ लावायला तू मला हाक मारायचीस. तू घर बांधणार?"

मग त्यानंच एक अट सुचवली. पुढच्या वर्षीच्या सप्टेंबरअखेर घराचा सांगाडा वेदरटाइट झाला पाहिजे. म्हणजे पाया, भिंती, छप्पर, खिडक्या, दार एवढं सगळं उभं, आणि वारा-पाऊस आत येता कामा नये. आतल्या रंगरंगोटीचं काही नाही. त्रयस्थ सर्व्हेअर येऊन बघेल. त्यानं ‘हो’ म्हटलं तर जमीन आणि घर अलकाचं. ‘नाही’ म्हटलं तर ती जागा श्रीनिवास घेणार, ओंडक्यांसकट. अलकाच्या वकीलबाई तिला सही करू नकोस म्हणून खुणावत होत्या. अलकानं शांतपणे सही केली आणि पेन त्याच्याकडं सरकवलं.

बाहेर आल्यावर मी तिला म्हटलं की तुला खरंच तिथं राहायचंय का? त्या टेकडीवर मेंढ्यांशिवाय कुणी नाही. ती म्हणाली, घर मला नकोच आहे गं, पण त्याला ते मिळालेलं मला बघवणार नाही. मला हे तिथल्या तिथं पटलं.

पाया घालायला तिनं माणसं लावली, पण प्रत्येक शनिवारी जाऊन ती त्यांच्या डोक्यावर उभी राहायची. या बाईनं आधी महिनाभर रोज संध्याकाळी लाकडी घरांबद्दल मिळेल ते वाचलं होतं, सुट्टी टाकून कॉर्नवॉलला जाऊन एक कोर्सही केला होता. जमिनीपासून भिंत उंचावर सुरू झाली पाहिजे, नाहीतर पावसाचे शिंतोडे उडून खालचं लाकूड कुजतं, म्हणून काँक्रीटवर विटांचं जोतं. त्यावर ओल वर चढू नये म्हणून काळी पट्टी. त्यावर खालून सपाट केलेला पहिला ओंडका. हा पहिला थर तसूभरही वाकडा चालत नाही, कारण खालची चूक प्रत्येक थराबरोबर वाढत वर जाते. लेव्हलमधला बुडबुडा मधोमध येईपर्यंत अलकानं पाया घालणाऱ्या दोघांना घरी जाऊ दिलं नाही. त्यातला एक मला म्हणाला की तुमची मैत्रीण फार स्ट्रिक्ट आहे. मी म्हटलं, यू हॅव नो आयडिया.

ओंडके चढवायला गॅरेथ मिळाला. शेजारच्या शेतावरचा, मेंढ्या पाळणारा, आयुष्यभर गोठे आणि गोदामं बांधलेला माणूस. त्याच्याकडं उचलायचं यंत्र होतं आणि तोंडाला कुलूप नव्हतं. हवामान, सरकार, शेजारी, जावई, सगळ्यांना तो सकाळपासून शिव्या द्यायचा. अलकाचं आणि त्याचं लगेच जमलं. एकमेकांच्या शत्रूंबद्दल दोघं तासन्‌तास बोलायची.

शनिवारी उर्वी यायची. उर्वी म्हणजे अलका-श्रीनिवासची एकुलती एक मुलगी, चोवीस वर्षांची, कॅमडेनला राहते, तिथल्याच एका शाळेत शिकवते. तिच्यासारखी गोड मुलगी या दोघांच्या पोटी कशी आली हे मला कोडंच आहे. ती पहाटेची ट्रेन पकडून यायची, आईचे जुने बूट घालून कामाला लागायची. मी हिशेबात धरण्यासारखी कामगार नव्हते. मी चहा करायचे, पोळीभाजीचे डबे न्यायचे आणि श्रीनिवासबद्दल वाईट बोलायचे. तेही कुणीतरी करायला हवं होतं.

काम असं चालायचं. गॅरेथ यंत्रानं ओंडका उचलायचा, उर्वी त्याच्या टोकाचा नंबर ओरडून सांगायची, अलका खालच्या ओंडक्याच्या खोबणीत लोकरीची पट्टी अंथरायची. मग ओंडका हळूच खाली यायचा, कोपऱ्यावरची खाच खाचेत बसायची आणि अलका मोठा लाकडी हातोडा घेऊन त्याला वरून बडवायची. बडवताना तिचा चेहरा बघून कळायचं की डोळ्यांसमोर लाकूड नाही. एका ओंडक्याला गाठीच गाठी होत्या, तो कसाच बसेना. त्याचं नाव तिनं मायरा ठेवलं. नंबराप्रमाणे तो संडासाच्या भिंतीत आला. त्या दिवशी अलकानं आम्हाला पबमध्ये जेवण दिलं.

उर्वीला मायरावरचा हा विनोद आवडला नाही. ती आईला म्हणाली की मायरा माझ्याशी नेहमी नाइस वागते. अलका पुढची लोकरीची पट्टी उलगडायला लागली. उर्वीसमोर ती श्रीनिवासबद्दल कधी एक वाईट शब्द बोलत नसे. मला म्हणायची, मी माझं भांडण माझं करीन, पोरीच्या डोक्यात बापाविरुद्ध विष कालवणार नाही. आणि हे तिनं शेवटपर्यंत पाळलं. माझ्या मते तिनं पाळायला नको होतं.

भिंती गुडघ्याएवढ्या झाल्या आणि नाशिकहून अलकाच्या आईचा फोन आला. त्यांनी पंचांग बघून मुहूर्त काढला होता. मुख्य दाराची चौकट आधी उभी कर, पूजा कर, आणि मग भिंत वर ने. आपल्याकडं सगळे असंच करतात. चौकट उभी राहिली, तिला हळदकुंकू लागलं, नारळ फुटला की घराला घर म्हणायचं. चौकटीला लोखंडी पट्ट्या ठोकायच्या, त्या भिंतीत गाडायच्या आणि विटा चौकटीच्या अंगालगत चढवत न्यायच्या. आपल्या बापजाद्यांची घरं अशीच उभी राहिली, मग यात चूक ती काय असणार?

मी बेलग्रेव्ह रोडवरून आंब्याचे डहाळे नेले. अलकानं ओकच्या लाकडाची जाडजूड चौकट मुद्दाम करून घेतली होती. गॅरेथनं डोकं खाजवलं आणि म्हणाला की एस्टोनियाच्या कागदावर तर दार सगळ्यात शेवटी बसवायला सांगितलंय, वर जागा सोडून. अलका म्हणाली, "गॅरेथ, धिस इज रिलिजस." या देशात एवढं म्हटलं की पुढं कुणी वाद घालत नाही. तो टोपी काढून बाजूला उभा राहिला. आम्ही चौकट उभी केली, दोन्ही बाजूंच्या ओंडक्यांना लांब स्क्रूंनी घट्ट आवळली, नारळ फोडला. पुढचे ओंडके चौकटीला चिकटवत वर गेले, आणि दारावरचा ओंडका चौकटीच्या डोक्यावर असा चपखल बसला की मधे सुरीचं पातं जाईना. अलका म्हणाली, बघ, फट नाही.

उर्वीनं चौकटीचा फोटो काढला आणि नेहमीप्रमाणे बाबाला पाठवला. त्याचं उत्तर आलं, "व्हेरी नाइस." उर्वी खूश झाली. तिनं तो फोन आईला दाखवला. अलकानं बघितलं न बघितल्यासारखं केलं, पण त्या दिवशी ती जरा गुणगुणत होती.

खिडक्यांची गोष्ट वेगळी. त्या एस्टोनियाहूनच आलेल्या, त्यामुळे गॅरेथनं त्या कागदात सांगितल्याप्रमाणे बसवल्या. बाजूला खाचेत सरकत्या पट्ट्या, आणि वर चांगली चार बोटं मोकळी जागा, त्यात लोकर, वरून झाकायला फळी. कारण ओंडक्यांचं घर उभं राहिल्यावर खाली बसत जातं. लाकूड वाळतं, आक्रसतं, वरच्या वजनानं दाबलं जातं, आणि सगळी भिंत हळूहळू बुटकी होते. खिडकी बुटकी होत नाही. म्हणून तिच्या डोक्यावर भिंतीला उतरायला जागा ठेवायची. अलकाला हे सगळं पाठ होतं. पण दाराची चौकट तिच्या मनात दुसऱ्याच खणात होती. तिथं आई होती, नाशिक होतं, नारळ होता.

जूनमध्ये माथ्याचा मोठा वासा चढला. मग बाकीचे वासे, फळ्या, पाणी न झिरपणारं कापड, पट्ट्या आणि वर पाटीच्या दगडाची काळी कौलं. अलका स्वतः छपरावर चढली. चौपन्न वर्षांची बाई, कमरेला दोर बांधून, टेकडीवरच्या वाऱ्यात कौलं ठोकत होती, आणि मी खाली उभी राहून जीव मुठीत धरून होते. वरून तिनं मला विचारलं की फोटो सरळ दिसतोय का? मला आधी कळेना. मग कळलं, आणि आम्ही दोघी इतक्या हसलो की गॅरेथला वाटलं काहीतरी पडलं.

जुलै-ऑगस्ट कधी नव्हे एवढे तापले. ऑगस्ट संपता संपता पहिलं वादळ आलं आणि दुसऱ्या दिवशी आम्ही गेलो तर घरात पाणी. छपरातून नाही, खिडक्यांतून नाही. दाराच्या दोन्ही बाजूंना भिंतीतून आलं होतं. आत उभं राहिलं की दोन ओंडक्यांच्या मधून बाहेरचा उजेड दिसत होता. पेन्सिल आरपार जाईल एवढी फट. भिंती उन्हाळ्यात खाली बसल्या होत्या, पण दारापाशी त्यांना बसता येत नव्हतं. वरचे ओंडके आमच्या त्या घट्ट, पूजा केलेल्या चौकटीवर लटकून राहिले होते आणि खालचे खाली गेले होते.

गॅरेथ म्हणाला की मी सांगितलं होतं. दोन-तीनदा म्हणाला. अलका चौकटीला हात लावून उभी होती. सर्व्हेअर यायला तीन आठवडे होते. जमीन, घर, वर्षभराची मेहनत, सगळं त्या पेन्सिलभर फटीतून श्रीनिवासच्या घरी चाललं होतं.

उर्वी गॅरेथबरोबर गावात हत्यारं आणायला गेली. आम्ही दोघीच राहिलो. अलकाला अचानक काय वाटलं कोण जाणे, तिनं फोन काढला, श्रीनिवासला लावला आणि स्पीकरवर टाकला. नमस्कार-चमत्कार काही नाही. तिनं विचारलं की उर्वीनं चौकटीचा फोटो पाठवला होता, तो बघून तुम्हाला कळलं होतं का?

मग तो म्हणाला, "कळलं होतं. मला वाटलं, तुझं तुला समजेल."

अलकानं फोन बंद केला. मला वाटलं आता ती रडेल, निदान शिव्या तरी देईल. ती फक्त म्हणाली, उर्वीला हे सांगायचं नाही, शपथ आहे. मी म्हटलं की अगं, पोरीच्याच फोनवर त्यानं ‘व्हेरी नाइस’ लिहिलं, तिला कळायला नको? ती म्हणाली की तिच्या फोटोचा त्यानं असा उपयोग केला हे तिला कळलं तर ती मोडून जाईल. त्याचं काय करायचं ते मी बघते. ज्या आवाजात ती हे म्हणाली, तो ऐकून मला भीती वाटली, आणि खरं सांगायचं तर बरंही वाटलं.

पुढच्या शनिवारी चौकट काढली. दारावरच्या ओंडक्यांना खालून दोन मोठे जॅक लावले, म्हणजे ते एकदम कोसळू नयेत. गॅरेथनं ते लांब स्क्रू कापले. अलकानं स्वतःच्या हातानं करवत घेऊन ती ओकची चौकट डोक्यापाशी कापली. हळदकुंकवाचे डाग अजून होते त्यावर. आईला काय सांगायचं, म्हटलं तर म्हणाली की आईला फोटो दाखवायचा नाही, एवढंच. मग एका जॅकपाशी अलका, दुसऱ्यापाशी उर्वी. गॅरेथ सांगेल तसा दोघींनी एकाच वेळी थोडा थोडा सैल करायचा. मायलेकी एकमेकींच्या हाताकडं बघत फिरवत होत्या. भिंत कण्हल्यासारखी वाजली, आणि एका क्षणी दाबून धरलेलं सगळं वजन धप्पकन खाली आलं. जोत्यापर्यंत हादरा बसला. आम्ही आत पळालो. उजेडाची ती रेघ गेली होती. उर्वीनं आईला मिठी मारली आणि म्हणाली की वी डिड इट. अलकाच्या डोळ्यांत पाणी आलेलं मी त्या सबंध वर्षात तेवढं एकदाच पाहिलं.

नवी चौकट बुटकी केली, वर जागा सोडली, लोकर भरली, फळीनं झाकली. दार बसवलं. सर्व्हेअर आला तो भर पावसात. गोरा, उंच, अबोल माणूस. त्यानं प्रत्येक कोपऱ्यात हात फिरवला, छपराखाली टॉर्च मारला, दार उघडून-लावून बघितलं, भिंतीला कान लावून थोडा वेळ उभा राहिला. मग म्हणाला, "वेल, इट्स ड्राय." मी त्याला लाडूचा अख्खा डबा दिला.

इथं थांबली असती तर गोष्ट गोड झाली असती. पण अलकाचं अजून व्हायचं होतं.

तिनं लगेच वास्तुशांत ठरवली. घरात ना फरशी, ना वीज, ना हीटिंग. नुसतं काँक्रीट, लाकूड आणि छप्पर. पुष्कर गुरुजींना बोलावलं. ते आठवडाभर बँकेत सॉफ्टवेअर बघतात आणि शनिवार-रविवारी पूजा सांगतात. त्यांनी फोनवर नेहमीचं सांगितलं की वास्तुशांतीला जोडप्यानं बसावं लागतं, तुमच्याकडून दुसरं कुणी जोडपं बसलं तरी चालेल. मी आणि माझे यजमान बसू, असं मी म्हटलं. अलका म्हणाली, बघू. मग उर्वीला फोन केला. मी शेजारीच होते. म्हणाली, "गुरुजी म्हणतात, जोडीनं बसावं लागतं. बाबांना कळव. तू घेऊन ये त्यांना."

एक शब्द खोटा नव्हता. उर्वी फोनवर रडली. पोरीला वाटलं, आईचा राग गेला. म्हणाली, आई, मला माहीत होता तू असा करणार. तिचं मराठी आनंदात आणखीच बिघडतं. अलका बराच वेळ फोन हातात धरून बसली होती. मी तिला अडवलं नाही. मलाही तो दिवस बघायचा होता.

ऑक्टोबरच्या त्या रविवारी सकाळपासून धो धो पाऊस होता. मंडळातली तीसेक माणसं कोट-टोप्या घालून आत दाटीवाटीनं उभी होती. उर्वी बापाला सोलिहलहून गाडीतून घेऊन आली, आपला हात त्याच्या हातात घालून. श्रीनिवासनं घर बघितलं. छपराकडं, कोपऱ्यांकडं, दाराच्या वरच्या फळीकडं. इंजिनिअर आहे, त्याला सगळं कळलं. चेहऱ्यावर कौतुक होतं आणि थोडी लाजही. क्षणभर मला तो बरा वाटला, तेवढंच. मग तो सगळ्यांशी मोठेपणानं बोलला की एका तासाचा तर प्रश्न आहे, मुलीसाठी बसायला काय हरकत आहे, आणि पिशवी घेऊन आतल्या खोलीत गेला. बाहेर आला तो सोवळं नेसून, उघड्या अंगावर उपरणं, अनवाणी. काँक्रीट बर्फासारखं गार होतं. त्याच्या हातांवर काटा उभा राहिलेला लांबून दिसत होता.

अलका तोवर पाटावर बसली होती. शेजारचा पाट रिकामा होता. श्रीनिवास तिथं येईपर्यंत ती थांबली, आणि मग गुरुजींना म्हणाली, "एक जास्तीची सुपारी असेल ना?"

गुरुजींनी दिली. अलकानं रिकाम्या पाटावर मूठभर तांदूळ ठेवले आणि त्यावर ती सुपारी मांडली.

"बायको नसली की नवऱ्याशेजारी सुपारी ठेवतात ना, गुरुजी? मला नवरा नाही. यजमान मी, आणि जोडीला ही."

गुरुजी तिच्याकडं वाकले. हळूच म्हणाले की ताई, पण साहेब आलेत ना, कपडे बदलून. अलकानं तेव्हा मान वर करून श्रीनिवासकडं पाहिलं. इतक्या गोड आवाजात तिला बोलताना मी कधी ऐकलं नव्हतं.

"तुम्ही पाहुण्यांत बसा ना. थंडी वाजतेय का? हीटिंग नाही अजून. अटीत फक्त वेदरटाइट म्हटलं होतं."

कुणीतरी मागं फिसकन हसलं. मग आणखी दोघं-तिघं. मीही हसले, आणि मला वाईट वाटलं नाही. श्रीनिवास त्या सुपारीकडं बघत उभा होता. सगळ्यांसमोर, उघड्या अंगानं. वकिलांसमोर हसलेल्या त्या माणसाला आता कुठं बघावं ते कळत नव्हतं. त्यानं उपरणं छातीशी आवळलं, पिशवी उचलली आणि तसाच पावसात बाहेर गेला. बुटांत पाय घालायलाही थांबला नाही. उर्वी त्याचे बूट घेऊन मागं धावली.

गुरुजींनी संकल्प सांगायला सुरुवात केली. अलकाचा आवाज खणखणीत होता. गोत्र, नाव, सगळं तिनं स्वतःचं म्हटलं, माहेरचं. होम पेटला, धूर वाशांशी घुटमळला, आणि मला वाटलं की मिळवलं हिनं. जे जे हवं होतं ते सगळं मिळवलं.

तेवढ्यात दार उघडलं. उंबऱ्यापलीकडं उर्वी उभी होती, केसांतून पाणी गळत होतं.

"आई, बाबा गाडीत रडतोय." मग आवाज चढला. "तू मला सांगायला लावलं. मी आणला त्याला. मी."

सगळे अलकाकडं बघत होते. तिच्या हातात तुपाची पळी होती. मला ठाऊक होतं, एक वाक्य बोलली की पुरे. तुझ्या बाबांना चौकटीचं माहीत होतं, तुझाच फोटो बघून कळलं होतं. मी तिच्याकडं डोळे वटारून बघत होते, सांग म्हणून. तिनं माझ्याकडं पाहिलं, मग पोरीकडं. पळीतलं तूप होमात ओतलं.

"बरं झालं," ती म्हणाली. "दार लाव, पाणी आत येतंय."

उर्वीनं ऐकलं. नेहमी ऐकते तसं. चौकटीवरून एकदा हात फिरवला, मग दार ओढून घेतलं आणि स्वतः बाहेरच राहिली. अलका दाराकडं बघत बसली, गुरुजी मंत्र थांबवून तिची वाट बघत होते. गाडी कधी सुरू झाली, कधी निघून गेली, आत कुणालाच ऐकू आलं नाही. दार तेवढं घट्ट बसत होतं.